सतरा नंबरचं रक्त

मित्रांनो, पुस्तकात मला 'ते यंत्र' म्हणतात. आमच्या नांदेडात मात्र मशीन ही 'ती' असते, म्हणून मी बाईमाणसासारखीच बोलणार आहे. मी एक जुनी मशीन. एचपीएलसी हे माझं नाव. चार इंग्रजी अक्षरं आहेत, लक्षात राहिली नाहीत तरी मी रुसणार नाही. माझं काम मात्र समजून घ्या, कारण पुढची सगळी गोष्ट त्या कामाची आहे.

माझ्या पोटात वीतभर लांबीची एक पोलादी नळी आहे. तिच्यात पिठीपेक्षाही बारीक पूड ठासून भरलेली असते. त्या पुडीतून मी द्रव जोरात ढकलते. द्रवात मिसळलेले पदार्थ वाट काढत पलीकडे निघतात. कुणी लगेच बाहेर पडतो, कुणी रेंगाळतो, पण प्रत्येकाची वेळ ठरलेली असते. जो बाहेर पडला त्याचं एक शिखर संगणकाच्या पडद्यावर उमटतं. औषध भरपूर असेल तर शिखर उंच, कमी असेल तर बुटकं. एवढंच माझं शास्त्र. ते समजायला लोक चार-चार वर्षं शिकतात, हा त्यांचा प्रश्न.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. मी लाकडी खोक्यातून या औषधनिर्माण महाविद्यालयात आले तेव्हा दरवाजा अरुंद निघाला आणि मला दोन दिवस व्हरांड्यात बसावं लागलं. आत आल्यावर मात्र माझे लाड झाले. माझ्यासाठी खोलीत थंड हवेचं यंत्र बसवलं. चपला बाहेर काढल्याशिवाय कुणी आत येत नसे. पाहुणे आले की आधी मला दाखवत. दसऱ्याला पंढरी माझ्या कपाळावर कुंकवाचं बोट टेकवी, आणि मी त्या दिवशी जरा जास्तच तोऱ्यात असे.

पंढरी म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचा परिचर, भोकरचा. मला रोज चालू करायचा, रोज पुसायचा. माझ्या शिखराला इंग्रजीत 'पीक' म्हणतात, हे कळल्यापासून तो प्रत्येक विद्यार्थ्याला विचारायचा, "काय म्हणतंय पीक? औंदा बरं हाय का?" नवे विद्यार्थी गोंधळायचे. त्यांना वाटायचं, हा सोयाबीनचं विचारतोय.

पुढे माझं वय झालं. थंड हवेचं यंत्र बंद पडलं, ते कुणी दुरुस्त केलं नाही. माझ्या नळ्यांत क्षार साचले. मला पांढरं कापड घातलं आणि त्या कापडावर लोक वह्या ठेवू लागले. तीन वर्षं मी टेबल म्हणून काढली. त्याबद्दल मी फार बोलणार नाही, कारण आठवलं की अजून राग येतो.

मग देविका आली. लातूरची मुलगी, आई-वडील दोघं शिक्षक. तिला संशोधन करायचं होतं. तिनं माझ्यावरचं कापड काढलं आणि दोन दिवस माझा पंप धुतला. तिसऱ्या दिवशी मी चालू झाले तेव्हा ती टाळ्या वाजवून हसली. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

तिचं काम असं होतं. स्तनाचा कर्करोग झालेल्या बायकांचं ऑपरेशन होतं, इतर उपचार होतात, आणि मग त्यांतल्या अनेकींना टॅमॉक्सिफेन नावाची एक गोळी रोज घ्यावी लागते. एक दिवस नाही, एक महिना नाही, पाच-पाच वर्षं. आजार परत येऊ नये म्हणून ही गोळी राखण करते. पण गोळी गिळली म्हणजे काम झालं असं नसतं. पोटात गेल्यावर यकृत तिचं रूप बदलतं आणि ते बदललेलं रूपच खरं काम करतं. कुणाच्या रक्तात ते पुरेसं असतं, कुणाच्या नसतं. म्हणून रक्त घ्यायचं, ते दुसऱ्या एका यंत्रात गरगर फिरवून लाल पेशी खाली बसवायच्या, वरचा पिवळसर प्लाझ्मा वेगळा काढायचा आणि त्यातलं औषध मोजायचं. एका बाईची दोन शिखरं उमटायची. पहिलं गोळीचं, दुसरं तिच्या बदललेल्या रूपाचं.

ऐकायला सोपं वाटतं, पण मला ते शिकवायला देविकाला वर्ष लागलं. तुलनेसाठी, ज्यात औषध अजिबात नाही असा प्लाझ्मा आधी लागतो. पंढरीनं स्वतःचं रक्त दिलं आणि नंतर महिनाभर तो सगळ्यांना सांगत होता, "माझ्या रगतात काहीच न्हाई, म्याडमनी तपासलंय." अखेर माझी मोजणी पक्की झाली. तोच नमुना दहादा दिला तरी मी दहादा तेच सांगत होते.

लातूरच्या एका रुग्णालयातून चाळीस बायकांचे नमुने यायचे होते. नमुन्यावर नाव नसे, फक्त नंबर. सोबत एक कागद असे. त्यावर वय, गाव, गोळी कधी सुरू केली, आणि शेवटी एक प्रश्न: 'गोळी नियमित घेता का?' पुढे दोन चौकोन, होय आणि नाही. जवळपास सगळ्या कागदांवर 'होय'वर खूण असायची.

सतरा नंबरच्या कागदावरही होती. वय सत्तेचाळीस, जळकोट तालुका. त्या दिवशी नमुन्यांचा डबा घेऊन येणारी बस लोह्याजवळ बंद पडली होती. डबा आला तेव्हा बर्फाचं पाणी झालेलं होतं. देविकानं काळजीनं एकेक नमुना मला दिला. सोळा नंबर ठीक. मग सतरा. दोन्ही शिखरं बुटकी, इतरांच्या निम्म्याहूनही बुटकी. मग अठरा, तोही ठीक.

देविकानं मला तपासलं. जिच्यात किती औषध आहे हे आधीच माहीत असतं अशी एक बाटली असते, ती दिली. मी बरोबर आकडा सांगितला. तरी तिचं समाधान होईना, म्हणून ती अंबरीश सरांना घेऊन आली. हे तिचे मार्गदर्शक. सर वाईट माणूस नव्हते, पण त्यांना घाई होती. अहवाल द्यायची तारीख जवळ आली होती.

"यकृत गोळीचं रूप बदलत नसेल तर दुसरं शिखर लहान दिसतं, पहिलं चांगलं उंच असतं," सर म्हणाले. "इथं दोन्ही लहान आहेत. म्हणजे नमुनाच खराब. बर्फ वितळलाय, त्यात ही जुनी मशीन. वगळून टाक."

"पण सर, बाई गोळीच घेत नसतील तर?"

सरांनी कागद पुढे केला. "हे बघ. होय लिहिलंय."

देविकानं वहीत लिहिलं, 'सतरा: नमुना खराब.'

मित्रांनो, त्या दिवशी मला तोंड असतं तर मी ओरडले असते. त्याच डब्यातून, त्याच वितळलेल्या बर्फातून सोळा आणि अठरा नंबर आले होते, आणि ते ठणठणीत होते. मग एकटा सतरा कसा बिघडेल? मी खरं तेच सांगितलं होतं. पण मी पडले जुनी. माझ्यावर ठपका ठेवणं सोयीचं होतं. मी गप्प राहिले, कारण दुसरं मला येतच नाही.

दहा महिन्यांनी त्याच बायकांचे नमुने दुसऱ्यांदा आले. या वेळी बस वेळेवर आली, बर्फ कडक होता. सतरा नंबरची शिखरं पहिल्यापेक्षाही खाली गेली होती. देविकानं तो नमुना पुन्हा एकदा मला दिला, आकडा तोच आला. मग तिनं जुनी वही काढली, सोळा आणि अठराचे आकडे पाहिले, आणि तिचा चेहरा उतरला. तिनं रुग्णालयात फोन लावला. तिकडून कळलं की त्या बाईंची पाठ दोन महिन्यांपासून धरलेली आहे आणि गुरुवारी त्या मोठ्या तपासणीसाठी नांदेडलाच येणार आहेत. देविका म्हणाली, "मग त्यांना माझ्याकडेही पाठवा. गोळ्या सोबत आणायला सांगा."

अशी सिंधुबाई माझ्या खोलीत आली. मी जिचं रक्त दोनदा मोजलं ती बाई मी पहिल्यांदा पाहिली. बारीक अंगाची, हिरवं लुगडं नेसलेली, एक हात कमरेवर ठेवून चालणारी. सोबत तिचे मालक, अण्णाराव. तिनं दारात चपला काढल्या आणि माझ्याकडे बघून विचारलं, "हीच का ती मशीन? माझ्या रगतातलं समदं हिला दिसतं म्हणत्यात."

"सगळं नाही दिसत, मावशी. गोळीचं तेवढं दिसतं," देविका म्हणाली. "गोळी कधी चुकते का हो?"

"न्हाई बाई. एक बी चुकली न्हाई. सकाळी जेवण झालं की गोळी. ताट उचलायच्या आधी."

अण्णारावांनीही मान डोलावली. "त्यात ही लई पक्की हाय. पाव्हण्याच्या घरी गेलो तरी गोळी पिशवीत असती."

देविकानं कागद पुन्हा पाहिला, तिथंही 'होय'च होतं. बाई खोटं बोलत नव्हती, हे तिला दिसत होतं, आणि मीही खोटं बोलत नव्हते. तेवढ्यात पंढरी चहा आणि बिस्किटं घेऊन आला.

सिंधुबाईनं चहा घेतला. बशीतली बिस्किटं मागं सारली. "मला उपास हाय, भाऊ."

"गुरुवार धरता का, अक्का?"

"सोमवार, गुरुवार, शुक्रवार, शनवार. आन् चतुर्थी, एकादशी. पयले नुसता सोमवारच व्हता. हे दुखणं आल्यापून बाकीचे धरले."

पंढरी ट्रे घेऊन निघाला होता, तो थांबला. त्याच्या घरीही बायको उपास करणारी. त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "मग अक्का, आजची गोळी?"

"आज कशी घेऊ? जेवल्यावर घ्या म्हणून सांगितलंय डॉक्टरांनी."

"पण काही तरी खाता ना? भगर, साबुदाणा?"

"त्याला जेवण म्हणत्यात का, भाऊ? तो फराळ झाला."

"रातीला उपास सोडता, तवा?"

"रातीची कशी घ्यावी? गोळी सकाळची लिवलेली हाय." ती देविकाकडे वळली. देविका आणि पंढरी एकमेकांकडे बघत होते. "काय चुकलं का, बाई? मला तसं कुणी पुसलंच न्हाई."

देविकानं हातातला पेन खाली ठेवला. लातूरला तिच्या स्वतःच्या घरी आई गुरुवार करते. जेवण वेगळं आणि फराळ वेगळा, हे तिला जन्मापासून ठाऊक. कुणी आपल्याला 'जेवलीस का' विचारलं आणि आपण उपासाला असलो तर आपण 'नाही' म्हणतो, हेही ठाऊक. तरी हा प्रश्न तिला सुचला नव्हता. आठवड्याचे चार दिवस सिंधुबाई बरं वाटावं म्हणून उपास करत होती, आणि त्याच चार दिवसांची गोळी पट्टीत राहत होती. घाबरली की ती एक वार वाढवायची. वार वाढला की माझ्या पडद्यावरचं शिखर खाली यायचं.

"मावशी, गोळी फराळानंतरही चालते," देविका कसंबसं म्हणाली. "उपाशीपोटीसुद्धा चालते. उपास करा, पण गोळी रोज घ्या."

"असं व्हय," सिंधुबाई म्हणाली. "मग आत्ताच घेते की." तिनं पिशवीतून पट्टी काढली आणि उरलेल्या चहाबरोबर गोळी गिळली. पंढरी पाणी आणायला धावला, तोवर ती गिळून झाली होती.

त्या दिवसाच्या तपासणीत कळलं की आजार पाठीच्या मणक्यात उतरला आहे. डॉक्टरांनी रोजची गोळी चालू ठेवून दुसरी इंजेक्शनं सुरू केली. सिंधुबाई मात्र त्या दिवसापासून एकही दिवस चुकली नाही. तीन महिन्यांनी तिसरा नमुना आला. देविकानं तो मला दिला आणि खुर्चीत न बसता माझ्याशेजारी उभी राहिली. पहिलं शिखर उमटलं, सरळ, उंच. मग दुसरं, तेही तसंच. इतकी सुरेख जोडी मी चाळीस जणींत क्वचितच काढली असेल. पंढरीनं दारातून विचारलं, "आलं का पीक, म्याडम?" देविका 'हो' म्हणाली आणि तिथंच रडू लागली, कारण सकाळीच रुग्णालयातून फोन आला होता. मणक्यातलं दुखणं आता यकृतात गेलं होतं.

सिंधुबाई संक्रांतीनंतर गेली.

महिन्याभरानं अण्णाराव एकटेच आले. त्यांच्या हातात कापडी पिशवी होती. ती त्यांनी देविकाच्या टेबलावर ठेवली. आत गोळ्यांच्या पट्ट्या होत्या, न फोडलेल्या, रबर लावून नीट बांधलेल्या.

"उरल्यात ह्या. नव्या कोऱ्या हायती. दुसऱ्या कुण्या बाईला कामी येतील."

त्या पट्ट्या म्हणजे तिचे सोमवार, गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार होते. देविकाला ते दिसलं आणि अण्णारावांनाही दिसत असावं, कारण ते पिशवीवरचा हात काढेनात.

"शनवार मीच धरायला लावला व्हता, म्याडम," ते म्हणाले. "तिचं दुखणं बघवंना. म्हटलं, मारुतीचा शनवार धर, गुण येईल. मी धरतो म्हणत व्हतो, तर म्हणली माझं दुखणं, माझा उपास." मग त्यांनी विचारलं, "त्याच्यानंच झालं का हे?"

अंबरीश सर दारात उभे होते. ते आत आले नाहीत.

देविकाला 'नाही, काका' असं चटकन म्हणता आलं असतं. ती म्हणाली नाही. "खरं सांगू, काका? कुणालाच नक्की सांगता येणार नाही. रोज गोळी घेऊनही काहींचा आजार परत येतो. पण आम्हाला हे आधीच कळायला हवं होतं. पहिल्या रक्तात दिसलं होतं. मी ते खराब म्हणून सोडून दिलं. चूक तुमच्या शनिवारची नाही. माझी आहे."

अण्णारावांनी पिशवीवरचा हात काढला. ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं, मलाही बरं वाटलं असतं. ते फक्त म्हणाले, "तुमी तरी फोन केला, लेकी." मग त्यांनी ग्लासभर पाणी मागितलं, उभ्यानंच प्यायले आणि जळकोटची गाडी धरायला निघून गेले. पिशवी टेबलावरच राहिली.

मी एका थेंबाहून कमी प्लाझ्म्यातलं औषध मोजते. मला त्याचा गर्व होता. पण अण्णारावांनी जे विचारलं ते माझ्याच्यानं मोजवत नाही, आणि त्या दिवशी मला माझ्या सगळ्या आकड्यांची लाज वाटली.

देविकानं नंतर दोन गोष्टी केल्या. प्रबंधात सतरा नंबर परत घेतला, तिन्ही मोजण्यांसह, आणि तो आधी का वगळला होता ते स्वतःच्या नावानं लिहिलं. सरांनी त्या पानावर सही केली. दुसरी गोष्ट म्हणजे ती पंढरीला घेऊन लातूरला गेली आणि उरलेल्या प्रत्येक बाईजवळ बसली. होय-नाहीचे चौकोन तिनं नेले नाहीत. पंढरी आधी वार विचारायचा, मग जेवण, मग गोळी. आणखी सहा जणी निघाल्या. कुणी नवरात्रात नऊ दिवस गोळी सोडलेली, कुणी अख्खा श्रावण, आणि एक जण रोजे धरणारी. त्या सहाही जणी आज रोज गोळी घेतात. माझ्याकडे त्यांची शिखरं आहेत.

आता नवी मशीन आली आहे, माझ्या निम्म्या आकाराची. तिचा दरवाजा आपोआप उघडतो. मला कोपऱ्यात सरकवलं आहे. पहिल्या वर्षाची मुलं येतात, माझी झाकणं उघडतात, नळी हाताळतात. माझा पंप आता अडखळतो. एक दिवस मला भंगारात देतील. मला जपा असं मी तुम्हाला सांगणार नाही. मी बरीच वर्षं काम केलं, माझं चालेल.

पण मित्रांनो, तुमच्या घरात कुणी रोजची गोळी घेत असेल. रक्तदाबाची, साखरेची, थायरॉइडची, नाहीतर सिंधुबाई घ्यायची तीच. आई असेल, आजी असेल, काकू असेल. 'गोळी घेतलीस का' एवढंच विचारून खेळायला पळू नका, ती 'हो' म्हणेल आणि ते खरंही असेल. आज तिच्याजवळ जरा बसा, आणि विचारा, "आई, ज्या दिवशी तू जेवत नाहीस, त्या दिवशी गोळीचं काय करतेस?"